‘मुलांनी वाघ पाहिला’: प्राणिसंग्रहालयातील भाषाव्यवहाराचा एक विचार

‘मुलांनी वाघ पाहिला’ आणि ‘मुलांना वाघ दिसला’ या दोन वाक्यांत उच्चाराच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरेच आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापद वाघाच्याच लिंगवचनानुसार चालते. परंतु पहिल्या वाक्यात मुले तृतीयेत असून पाहण्याचा व्यापार त्यांच्या इच्छेने घडतो. वाघ तेथे कर्म आहे. दुसऱ्या वाक्यात, परंपरागत व्याकरणाच्या मते, कर्ता वाघच आहे. मुले चतुर्थीत आहेत. म्हणजे ज्याला काही प्राप्त होते त्याची जी विभक्ती, तीत. अलीकडच्या भाषाविज्ञानाने या चतुर्थ्यन्त पदाला ‘अनुभवकर्ता’ मानून त्यालाही कर्तृत्वाचा काही अंश बहाल केला आहे. मणिंद्र वर्मा व के. पी. मोहनन यांनी १९९० साली संपादिलेल्या ग्रंथात दक्षिण आशियाई भाषांतील या रचनेची विस्तृत चर्चा आढळते. तो वाद येथे मिटवावयाचा नाही. भूक लागते, राग येतो, स्वप्न पडते, त्याच जातीचे ‘दिसणे’ आहे, आणि त्यात पाहणाऱ्याच्या इच्छेला स्थान नाही, एवढे मान्य झाले तरी पुरे.

रानातून परतलेला मनुष्य ‘वाघ दिसला’ असे म्हणतो. ताडोब्याहून आलेल्यास ‘वाघ दिसला का?’ असेच विचारले जाते, आणि उत्तर नकारार्थी असल्यास त्याचा दोष कोणी त्या मनुष्याकडे देत नाही. प्राणिसंग्रहालयातून परतलेल्या मुलास मात्र ‘काय काय पाहिलेस?’ असा प्रश्न येतो. हा काही अभंग नियम नव्हे. रानातला वाघही ‘पाहिला’ जातो. तथापि भाषेचा कल स्पष्ट आहे. प्राणिसंग्रहालय ही संस्थाच मुळी ‘पाहणे’ या क्रियापदावर उभी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पुढे जी व्याख्या घालण्यात आली, तिच्यानुसारही कैदेतील प्राणी लोकांना प्रदर्शनासाठी जेथे ठेवले जातात ते प्राणिसंग्रहालय. मग ती संस्था एका जागी स्थिर असो वा फिरती. प्राणी तेथे दिसावयाचा नसतो, दाखवावयाचा असतो. ‘आई, वाघ दाखव’ या बालहट्टात कायद्याची सारी व्याख्या सामावलेली आहे.

असे असता त्या पिंजऱ्यापुढे प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा कोणती, हा प्रश्न अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिला आहे. प्राणिसंग्रहालयाची चर्चा करणारे प्राण्यांच्या हिताविषयी लिहितात, किंवा नागरी करमणुकीविषयी. तेथील बोलण्याकडे कोणी कान देत नाही. मुंबईच्या राणीच्या बागेच्या निमित्ताने या बोलण्याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

प्रथम त्या स्थळाच्या नावाचाच विचार केला पाहिजे. भायखळ्याची ही बाग १८६२ साली खुली झाली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. प्राणी तेथे मागाहून आले. मराठी भाषकांनी ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ हे नाव जसेच्या तसे न उचलता ‘राणीचा बाग’ किंवा ‘राणीची बाग’ केले. (‘बाग’ हा फारसी शब्द मराठीत दोन्ही लिंगांत नांदतो, आणि जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात पुल्लिंगी रूप अजूनही ऐकू येते.) या नावात प्राण्यांचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तरीही ‘राणीच्या बागेत गेलो होतो’ या वाक्याचा अर्थ ‘जनावरे पाहून आलो’ असाच होतो. अधिकृत नाव आज ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पति उद्यान व प्राणिसंग्रहालय’ असे आहे आणि त्यामागील भावना आदरणीयच आहे. परंतु लोकांच्या तोंडी राणी टिकली, ती कोणाची कोण हे विसरून गेल्यावर टिकली. आजच्या मुलास ‘ही राणी कोण?’ असे विचारल्यास ते बहुधा गोष्टीतल्याच एखाद्या राणीचे नाव सांगेल. अशा रीतीने अर्थ गळून गेलेले नाव अधिक चिवट असते; त्याला राजकारणाची बाधा होत नाही.

‘प्राणिसंग्रहालय’ हा शब्द मात्र बोलका आहे. त्याच आवारात १८७२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय आहे. १९७५ सालापासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. वस्तूंचा संग्रह आणि प्राण्यांचा संग्रह एका कुंपणात आणि एका प्रत्ययाखाली आले. हिंदीने ‘चिड़ियाघर’ म्हणून निदान पक्ष्यांना घर दिले. पेशवाईतील मराठीत ‘शिकारखाना’ असा शब्द होता. सवाई माधवरावांच्या पदरी असलेल्या जनावरांपैकी गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने १७९० साली काढलेले आहे. ‘शिकारखाना’ हा शब्द क्रूर वाटतो खरा, पण तो काही लपवीत नाही. जनावर कोणत्या संबंधाने माणसाच्या ताब्यात आले, हे त्यात उघड सांगितलेले आहे. ‘संग्रहालय’ या संस्कृत शब्दात पकडण्याची क्रिया पुसली जाते. उरते ते नुसते जमविणे. गेल्या काही दशकांत ‘पिंजरा’ हा शब्दही फलकांवरून मागे सरत असून त्याच्या जागी ‘आवास’, ‘अधिवास’, ‘दालन’ असे सौम्य शब्द येत आहेत. प्रेक्षक अर्थातच पिंजराच म्हणतात, मग समोर गज असोत, खंदक असो वा काच असो.

याच बागेत दोन प्राणी असे आहेत की जे नावाचा आणि प्राण्याचा संबंध किती सैल असू शकतो हे दाखवितात. दोन्ही निर्जीव आहेत. घारापुरी बेटावरील दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. सातव्या एडवर्डाचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली फोर्टातून काढून येथे आणण्यात आला. परंतु ‘काळा घोडा’ हे नाव फोर्टातच राहिले, आणि २०१७ साली तेथे स्वार नसलेला दुसरा घोडा उभारून त्या नावाची एक प्रकारे भरपाई करण्यात आली. दोन्ही प्रसंगी जनावर बागेत आले व नाव मूळ जागीच राहिले. जिवंत प्राण्यांच्या बाबतीत काय घडते हे पुढे पाहू.

प्राणिसंग्रहालयावरील आधुनिक विवेचनात जॉन बर्जर या इंग्रज समीक्षकाचा ‘प्राण्यांकडे का पाहावे?’ हा निबंध प्रमाण मानला जातो. १९८० साली तो त्याच्या ‘अबाउट लुकिंग’ या संग्रहात आला. प्राणी व मनुष्य यांच्यात पूर्वी जी परस्पर दृष्टिभेट होत असे ती औद्योगिक संस्कृतीत नष्ट झाली. प्राणिसंग्रहालय हे तिच्या नाशाचे स्मारक होय. तेथे मनुष्य पाहतो पण प्राणी त्याच्याकडे पाहत नाही, आणि म्हणून प्रेक्षक निराश होऊन परततो, असा त्याचा आशय आहे. मुलांच्या तोंडून निघणाऱ्या खिन्न प्रश्नांची दखलही त्याने घेतली आहे. निबंध थोर आहे यात शंका नाही. परंतु त्याचा सारा विचार दृष्टीच्या एका अंगावर, म्हणजे इच्छापूर्वक टाकलेल्या नजरेवर, उभा आहे. ज्या भाषेत अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची सोय नित्याची आहे, त्या भाषेच्या प्रेक्षकाची कथा इतकी सरळ नाही.

कोणत्याही रविवारी वाघाच्या कुंपणापुढे थोडा वेळ थांबावे. ‘कुठे आहे?’, ‘दिसत नाही’, ‘तो बघ, झाडामागे’, ‘मला नाही दिसला’, ‘शेपूट दिसली’, ‘झोपलाय वाटतं’ अशी वाक्ये कानी पडतात. तिकीट काढून पाहावयास आलेली माणसे तेथे पोचताच ‘दिसणे’ या क्रियापदाकडे वळतात. ‘पाहणे’ आज्ञार्थात उरते. ‘बघ’ म्हणून एक माणूस दुसऱ्या माणसास प्रवृत्त करतो, वाघास नव्हे. आणि परत निघताना ‘वाघ बघायला मिळाला’ अशी एक तिसरीच रचना येते. तीत पाहणे आहे खरे, पण ते ‘मिळणे’ या क्रियापदाच्या अधीन झाले आहे. बघणारा पुन्हा चतुर्थीत गेला. पैसे मोजून घेतलेली गोष्टही ‘मिळाली’ म्हणून सांगणे ही केवळ नम्रता नव्हे. वाघ समोर येणे वाघावर अवलंबून होते, याची कबुली त्या वाक्यरचनेने दिली आहे. बोलणाऱ्याच्या मनात ती असो वा नसो.

ही कबुली वस्तुस्थितीला धरूनही आहे. हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने १९०७ साली गजांऐवजी खंदक घालून जनावरे मांडली, तेव्हा प्रेक्षकाला मोकळेपणाचा आभास मिळाला. पुढे हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कैदेतील जनावराच्या मानसिक गरजांचा विचार मांडला. माणसापासून विशिष्ट अंतर राखण्याची आणि दृष्टीआड होण्याची सोय नसेल तर जनावर सतत ताणाखाली राहते, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. म्हणजे चांगल्या प्राणिसंग्रहालयात वाघ सदैव दिसता कामा नये. ‘दिसत नाही’ ही प्रेक्षकाची तक्रार, एका अर्थाने, त्या व्यवस्थेचे प्रमाणपत्र होय. बर्जरने ज्याला निराशा म्हटले तिच्यात या नकाराचाही भाग आहे, आणि नकार देता येणे हे कर्त्याचेच लक्षण आहे.

दुसरी गोष्ट संबोधनाची. लहान मूल ‘वाघोबा झोपलेत’ असे म्हणते. शेजारी उभा असलेला बाप ‘झोपलाय’ असे म्हणतो. ‘वाघोबा’, ‘कोल्होबा’ यांतील ‘बा’ हा आदरवाचक प्रत्यय व त्यामागून येणारे आदरार्थी बहुवचन मुलाने गोष्टींतून घेतलेले असते. चिऊ ताई होते, हत्ती दादा होतो. बाल्यावस्थेतील मराठीत प्राणिसृष्टी ही नातेसंबंधाच्या व्याकरणात बसविलेली असते. प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा नेलेले मूल हे व्याकरण बरोबर घेऊन जाते आणि त्याच ठिकाणी त्याला एकवचन शिकावे लागते. या वाघोबाच्या मागे केवळ बालकथा नाही. उत्तर कोकणातील वारली समाजात वाघोबा हे दैवत आहे. वाघबारशीला त्याची पूजा होते. कोकणात सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणण्याची, देशावर ‘लांबडं’ म्हणण्याची चाल आहे. ज्याचे भय आहे त्याचे नाव उच्चारावयाचे नाही. पिंजऱ्याने पहिली मुभा दिली ती नाव घेण्याची. आणि नुसते घेण्याची नव्हे, तर ते फलकावर रंगवून पिंजऱ्यासमोर लावण्याची.

या फलकांचेही एक वाङ्मय आहे. नाव, शास्त्रीय नाव, आढळ, आहार, आयुर्मान, गर्भावधी अशी त्याची ठरलेली रचना. शास्त्रदृष्ट्या ती निर्दोष असू शकते. तिच्यातील मराठी नाव मात्र बहुतेक वेळा इंग्रजी नावाचा प्रतिशब्द म्हणून येते, मराठी नाव म्हणून येत नाही. ‘वाघ’ या शब्दाचेच उदाहरण घ्यावे. फलकावर ‘वाघ’ म्हणजे पट्टेवाला, ‘पँथेरा टायग्रिस’. ‘बिबट्या’ म्हणजे ठिपकेवाला, ‘पँथेरा पार्डस’. बोलीभाषांतील व्यवस्था अशी नाही. तेथे ‘वाघ’ हे सामान्यनाम दोघांनाही व्यापते. भेद करावयाचा असेल तेव्हाच ‘पट्टेरी वाघ’, ‘ढाण्या वाघ’, ‘बिबट्या वाघ’ अशी विशेषणे लागतात. जेथे पट्टेवाला उरलेला नाही तेथे नुसत्या ‘वाघ’ शब्दाने बिबट्याच समजतात. यात अज्ञान नाही. ही वेगळी वर्गवारी आहे. शहरी प्रेक्षक मात्र बिबट्यासमोर उभा राहून त्याला खुशाल ‘चित्ता’ म्हणतो, ते निखळ अज्ञान होय. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून कुनोच्या अरण्यात नवे चित्ते आणीपर्यंतच्या सत्तर वर्षांत त्याचे नाव धनी नसल्यामुळे मिळेल त्या ठिपक्यांवर जाऊन बसले.

अशी स्थलांतरे शब्दांच्या इतिहासात अनेक झाली आहेत आणि फलकाला त्यांचा मागमूस नसतो. संस्कृत ‘शिशुमार’ हे पाण्यातील सस्तन जनावराचे नाव. हिंदीत त्याचे ‘सूंस’ होऊन ते गंगेतील डॉल्फिनलाच राहिले, मराठीत ‘सुसर’ होऊन ते मगरीच्या कुळात गेले. पुढे ‘मकर’ शब्दापासून आलेला ‘मगर’ आणि ‘सुसर’ यांची वाटणी कशी करावी, याविषयी मराठी भाषकांत आजही एकमत नाही. ‘शहामृगा’ची कथा त्याहून रंजक आहे. फारसीत ‘शुतुर’ म्हणजे उंट व ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. ‘शुतुरमुर्ग’ म्हणजे उंटपक्षी. मराठी कानाने ‘शुतुर’चा ‘शहा’ केला आणि ‘मुर्ग’चा ‘मृग’. परिणामी पक्ष्याला हरणाचे नाव आणि वर पातशाही मिळाली. ही लोकव्युत्पत्ती अगदीच निराधार नाही, कारण प्राचीन संस्कृतात ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू होता. माकडाला ‘शाखामृग’ म्हणत, सिंह ‘मृगेंद्र’ होता, आणि ऋग्वेदात हत्ती हा ‘हस्ती मृग’, म्हणजे हात असलेला पशू, म्हणून येतो. सोंडेला हात म्हणणाऱ्या त्या जुन्या नजरेचा अवशेष ‘हत्ती’ या शब्दात आहे. फलकावर आयुर्मान व गर्भावधी यांच्या शेजारी या एका ओळीस जागा होणे अशक्य नव्हते.

२०१६ साली दक्षिण कोरियातील सेऊल शहरातून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन या बागेत आले आणि २०१७ सालापासून ते लोकांना पाहावयास मिळू लागले. पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी. बर्फाशी त्याचा संबंध नाही, जरी बहुतेक प्रेक्षक त्याला बर्फातलाच समजून काचेपुढे उभे असतात. ‘पेंग्विन’ हे नावही मूळचे त्याचे नव्हे. उत्तर अटलांटिकमधील, उडता न येणाऱ्या एका वेगळ्याच पक्ष्याचे ते नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो पक्षी मनुष्याने संपविला, आणि नाव तेवढे दक्षिण गोलार्धातील या दुसऱ्या पक्ष्याकडे उरले. राणीच्या बागेतील पेंग्विनांना डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह अशी व्यंगचित्रांतील विशेषनामे मिळाली. २०२० साली छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, आलेल्या वाघांच्या जोडीची नावे शक्ती आणि करिश्मा अशी होती. देशी जनावराला देशी नाव व परदेशी जनावराला परदेशी, अशी ही न ठरविता ठरलेली विभागणी होय.

२०२५ साली पेंग्विनांच्या नव्या पिल्लांना इंग्रजी नावे दिल्यावरून मराठी नावांची मागणी करणारे आंदोलन झाले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळालेला असल्याने त्या मागणीस एक नवा आधारही सापडला. मागणीची चेष्टा करण्याचे कारण नाही. नगराच्या पैशाने चाललेल्या संस्थेत नगराच्या भाषेचा आग्रह धरणे योग्यच आहे. परंतु तिचा रोख चुकला, असे म्हणणे प्राप्त आहे. विशेषनाम हा भाषेचा सर्वांत कमी भाषिक असा भाग होय. पिल्लाला कोणतेही नाव दिले तरी त्या नावाने मराठीत काही भर पडत नाही आणि काही उणेही होत नाही. पेंग्विनास तर त्याचा पत्ताच नसतो. भाषा जेथे वाढते वा झिजते ते सामान्यनामांत. नीलगायीला विदर्भात ‘रोही’ म्हणतात; साळिंदराला कोठे ‘सायाळ’ म्हणतात; ‘भेकर’, ‘गवा’, ‘तरस’, ‘चितळ’ हे शब्द संस्कृतातून पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडातून घासून आलेले आहेत किंवा त्याहूनही अपरिचित वाटांनी आलेले आहेत. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील नोकरीत आयुष्य घालवून रानातील माणसांच्या तोंडची अशी नावे जमविली आणि कोशांत ग्रथित केली. त्या कोशांतील नावे मुंबईच्या मुलापर्यंत पोचण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिंजऱ्यापुढील फलक. आणि त्या फलकाविषयी आंदोलन झालेले नाही.

हा केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न नव्हे. शहरातील मूल ‘वाघ’ हा शब्द वाघाच्या कितीतरी आधी शिकते; ‘ह हत्तीचा’ हे त्याला हत्तीपूर्वी पाठ असते. शब्द आणि शब्दाचा धनी यांची गाठ पडण्याचे त्याच्या आयुष्यातील बहुधा एकमेव स्थळ हेच. तेथे जर त्याला इंग्रजी नावाचा लिप्यंतरित प्रतिशब्द मिळाला, तर आजीने सांगितलेला शब्द त्या जनावराचा होता हे त्याला कधीच कळणार नाही. आजीचा शब्द गोष्टीत राहील, फलकाचा शब्द जनावरावर चिकटेल. बागेतला दगडी हत्ती आणि बेटावर राहिलेले त्याचे नाव यांची जशी ताटातूट झाली, तशीच ही.

मुंबईतच, या बागेच्या उत्तरेस, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील व आरेच्या परिसरातील बिबटे कोणत्याही कुंपणात नाहीत, आणि लगतच्या पाड्यांवरून वाघोबाची स्थाने आहेत. पाड्यावरचा मनुष्य पहाटे ‘काल वाघ दिसला’ असे सांगतो. तो बिबट्याविषयी बोलत असतो, व त्याला तसे सुधारून सांगणारा शहरी श्रोता हटकून भेटतो. त्या श्रोत्याने राणीच्या बागेत फलक वाचलेला असतो. ‘दिसला’ या क्रियापदाविषयी मात्र दोघांत मतभेद होत नाही.